पाळणाघर चालवणाऱ्या ताईनं बाळंतपणाची रजा कशी ठरवायची

पाळणाघर आपलंच असलं की रजा मंजूर करणारं कोण नसतं आणि रजेचा पगार देणारं पण कोण नसतं. नोकरीवाल्या बायकांना कायद्यानं मातृत्व लाभ आहे, २०१७ पासून त्यात पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, पण घरात पोरं सांभाळणाऱ्या आपल्याला तो लागू होत नाही. म्हणून तिसरा महिना संपला की वही घेऊन बसायचं. आधी तारखा, मग पैसे, मग पालक.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधी चार आठवडे सोडा, कारण त्यानंतर दोन वर्षांचं पोर कडेवर घेणं जमत नाही. पुढं किती, तर माझं मत स्पष्ट आहे, बाळाची चौदा आठवड्यांची लस होईपर्यंत पाळणाघर उघडू नका. ६, १० आणि १४ आठवड्यांना जी पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस देतात त्यात डांग्या खोकल्याची लस असते, आणि तान्ह्या बाळाला तो खोकला फार धोक्याचा, आपल्याकडं येणारी पोरं तर सर्दी-खोकला घेऊनच येतात. असं धरलं तर साधारण सव्वाचार महिने होतात. पहिलटकरीण असाल आणि सातव्यात डोहाळजेवण झालं की माहेरी जायची पद्धत असेल तर आणखी दीड-दोन महिने वाढतात, म्हणजे तेवढी कमाई गेली. दुसऱ्या वेळेला मी आईलाच गडहिंग्लजहून इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत बोलवून घेतलं, घरात विषय काढायला थोडं जड गेलं पण जमलं.

आता पैसे. समजा सहा पोरं, तीन हजार फी, म्हणजे अठरा हजार, त्यातनं मदतीला असलेल्या मावशींचा पगार, दूध, खाऊ, गॅस जाऊन हातात अकरा राहतात. सव्वाचार महिन्यांचे झाले जवळपास सत्तेचाळीस हजार, आणि दवाखान्याचा खर्च वेगळा. भिशीत असाल तर बाळंतपणाच्या महिन्याचा नंबर आत्ताच मागून घ्या, बायका समजून घेतात, ऐनवेळी मागितला तर कुणाची तरी अडचण असते. मावशींना अर्धा पगार देऊन धरून ठेवा, परत तशी विश्वासाची बाई मिळायला वर्ष जातं. मेडिक्लेमवर विसंबू नका, बाळंतपणाचा खर्च बऱ्याच पॉलिसीत दोन-चार वर्षं थांबल्याशिवाय मिळत नाही.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजना मात्र सोडू नका. पहिल्या बाळाला ५,००० रुपये, ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकदम. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत किंवा ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांचं सरकारी कार्ड) असलं तरी चालतं, खातं स्वतःच्या नावावर आणि आधारला जोडलेलं पाहिजे. अंगणवाडीच्या ताई नाहीतर आशाताईंना गाठा. पहिल्या हप्त्याला वेळेत नावनोंदणी आणि तपासणी लागते, दुसऱ्याला जन्मनोंद आणि त्याच चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी. जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करून टाका.

पालकांना कधी सांगायचं, इथंच जास्त बायका चुकतात. मी पहिल्या वेळेला आठव्यात सांगितलं, लोक काय म्हणतील ह्या भीतीनं, आणि दोन पोरं गेली ती परत आलीच नाहीत. चूक त्यांची नव्हती, शिरोलीच्या एमआयडीसीत ड्युटी करणाऱ्या आईनं पंधरा दिवसांत काय सोय करायची? पाचवा लागला की सांगा, तोंडी सांगा आणि व्हॉट्सअपवर पण टाका, बंद कधी, सुरू कधी, तारखेसकट. ह्या काळाची फी घेऊ नका, जागा धरून ठेवायची म्हणून अर्धी फी मागणं मला पटत नाही, ते दुसरीकडं भरतच असतात.

आणि सोय आपणच सुचवा. जवळपासच्या दुसऱ्या पाळणाघरवाल्या ताईंशी बोलून ठेवा की आत्ता माझी पोरं तुम्ही घ्या, पुढं तुमची अडचण आली की मी घेईन. बंद करायच्या आधी दोन आठवडे प्रत्येक पोराला तिथं तासभर नेऊन बसवा, आणि एकेकाचा कागद लिहून द्या, कशाची अ‍ॅलर्जी, कुठल्या दुपट्याशिवाय झोपत नाही, शी लागली की काय म्हणतो, आणि न्यायला कोण येणार त्यांची नावं-नंबर, हे तर हवंच.

तोवर काम करताना एक सांभाळा. कांजिण्या किंवा गोवर-रुबेला झालेलं पोर घरी आलं होतं असं कळलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, बघू उद्या असं नको. लंगोट बदलला, नाक पुसलं की दरवेळी साबणानं हात धुवा आणि पोरांचं उष्टं खाऊ नका, लहान पोरांच्या लाळेतनं-लघवीतनं पसरणारे काही विषाणू पोटातल्या बाळाला बाधतात.

परत सुरू करताना सगळी एकदम बोलवू नका. पहिले पंधरा दिवस दोनच पोरं, तीन वर्षांवरची, तीही दुपारी एकपर्यंत. बाळाला आतल्या खोलीत झोपवा, आणि पोरं आली की चप्पल काढायच्या जागेलाच हात धुवायची बादली ठेवा.