भिंत बघायची तर ओढ्यापासून

लेकाकडे अमेरिकेत फिनिक्सला गेलात तर एक दिवस ऑर्गन पाइप या निवडुंगांच्या राखीव प्रदेशासाठी ठेवा. मेक्सिकोच्या सीमेला टेकलेलं हे वाळवंट १९३७ पासून संरक्षित आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्येच जा, पाणी भरपूर घ्या, रस्ता चालू आहे ना ते आधी विचारा.

अमेरिकेने मेक्सिकोच्या सीमेवर बांधलेली भिंत इथून जाते, तीस फुटी. फोटो काढा आणि नजर खाली आणा. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. भिंत दिसली की माझा पहिला प्रश्न, पाणी कुठून जाणार?

म्हणून आधी कोरडा ओढा गाठा. तिकडे त्याला वॉश म्हणतात. लोखंडी खांबांमधली फट जेमतेम चार इंच, म्हणजे आपल्या तळहाताएवढी. पुरात तिथे काटक्या-गवत अडकतं आणि भिंतीचा बांध होतो. २०११ च्या पुरात इथलंच जुनं जाळीचं कुंपण चाळीसेक फूट वाहून गेलं होतं. आता पूरदारं ठेवलीत, पण पावसाळ्याआधी ती कुणीतरी आठवणीने उघडायला हवीत. आमच्याकडच्या गेटांचा अनुभव मला आहे, जास्त बोलत नाही. कचरा कुठल्या बाजूला साठलाय, खांबांच्या बुडाशी माती किती खरवडलीय, एवढं बघा.

त्याच फटीतून ससा जाईल, सोनोरन प्रॉंगहॉर्न हरीण नाही. आधी इथे गाड्या अडवायचे बुटके अडसर होते, त्यातून जनावरं जात.

मग सीमेपासून आत पंचवीसेक पावलं नजरेने मोजा. ही साठ फुटांची पट्टी १९०७ मध्येच सरकारने राखून ठेवलेली. भिंतीलगतचा रस्ता त्यावरच आला, आणि सग्वारो निवडुंग गेले. त्यांना पहिला फाटा फुटायलाच पन्नास वर्षांच्या वर लागतात. पर्यावरणाचे कायदे आडवे आले नाहीत, कारण २००५ च्या एका कायद्याने भिंतीसाठी ते बाजूला ठेवायची मुभा तिथल्या अंतर्गत सुरक्षा मंत्र्याला दिली.

शेवटी कीटोबाकीटो. सीमेपासून हाकेच्या अंतरावरचं झऱ्याचं तळं, इथल्या मूळच्या तोहोनो ओओधाम आदिवासींना पवित्र. भिंतीचं काँक्रीट कालवायला आणि धूळ दाबायला भूजल उपसलं गेलं, आणि २०२० मध्ये तळं फार खाली गेलं. दोष उपशाचा किती, दुष्काळाचा आणि गळतीचा किती, यावर वाद आहे. पाण्याची पातळी एकदाच बघून असला हिशोब लागत नाही, म्हणून काठावरची जुनी ओल कुठवर होती ते शोधा.

आणि तिथे घाई करू नका. तळ्यातले बोटाच्या पेराएवढे पपफिश मासे दिसायला वेळ लागतो. माझी नात अठरापर्यंत मोजत गेली, मग वारा सुटला.