दार उघडतं भलतीकडेच! क्राइम शॉर्टफिल्म करताय? या चुका टाळा

(‘डबल इन्डेम्निटी’ पाहिला नसेल तर आधी पाहून या. पुढे सगळं फोडलंय.)

बिली वाइल्डरच्या या 1944च्या सिनेमात एक दार आहे. वॉल्टर नेफ हा लॉस एंजेलिसमधला विमा एजंट. एका रात्री त्याच्या फ्लॅटवर कंपनीतला, विम्याचे क्लेम तपासणारा बार्टन कीज न सांगता येऊन टपकतो. नेफनं जिच्या नवऱ्याचा खून केलाय ती फिलिसही नेमकी तेव्हाच यायला निघालेली. कीज बाहेर पडतो तेव्हा ती पॅसेजमध्ये, उघड्या दाराच्या आड अंग चोरून उभी. कीज लिफ्टकडे जातो आणि सिगारसाठी काडी हवी म्हणून मागे वळतो.

आता बिजागऱ्या बघा. फ्लॅटचं मुख्य दार आत उघडतं. हे मात्र पॅसेजमध्ये उघडतं, कारण आत उघडलं असतं तर फिलिसला लपायला जागाच नव्हती.

मला हे तिसऱ्यांदा पाहतानाही दिसलं नव्हतं, मित्रानं दाखवलं तेव्हा कळलं. त्या वेळी आपण कीजच्या पावलांकडे बघत असतो. म्हणून हे दार माफ. पण ‘वाइल्डरला चालतं, मग आम्हाला का नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्या फिल्ममध्ये खोटं दार असतं, काडीसाठी मागे वळणारा कीज नसतो.

अंगठीची चूक मात्र निव्वळ दुर्लक्षाची. नेफ अविवाहित, पण ती भूमिका करणाऱ्या फ्रेड मॅकमरेच्या डाव्या हातात लग्नाची अंगठी चक्क दिसते. आपल्याकडे अंगठीपेक्षा जास्त घोटाळे करतात मेंदी, मनगटातले दोरे आणि नेलपॉलिश. आमच्या एका फिल्मचं शूटिंग दोन रविवारी होतं आणि मध्ये रक्षाबंधन आलं. एडिटला बसलो तेव्हा हिरो जिना चढताना मनगट मोकळं आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत राखी! उपाय साधा आहे: प्रत्येक सीन संपला की नटाचे दोन्ही हात, गळा, केस आणि पाय यांचे मोबाइलवर फोटो काढा, सीन नंबरासकट. ‘लक्षात राहील’ म्हणणाऱ्या असिस्टंटवर विश्वास ठेवू नका. तो असिस्टंट मीच होतो.

कथेतली भोकं जास्त महागात पडतात, कारण ती एडिटवर बुजत नाहीत. यावरचा उतारा त्याच दाराच्या सीनमध्ये आहे. कीज त्या रात्री आलेला असतो तो एक प्रश्न डोक्यातून जात नाही म्हणून: फिलिसच्या नवऱ्याचा पाय मोडला होता, अपघात विमा होता, मग त्यानं पायाचा क्लेम का केला नाही? प्रेक्षकाला हेच भोक वाटू शकलं असतं. इथे तोच पुरावा ठरतो. पॉलिसी आपल्या नावावर आहे हे नवऱ्याला माहीतच नव्हतं. गाडीच्या विम्याचा कागद समजून त्यानं सही केली होती. आधीही कंपनीचा साहेब आत्महत्येचं म्हणतो तेव्हा कीजच विचारतो की ताशी 15 मैलांनी चाललेल्या आगगाडीतून मरायला कोण उडी मारेल. तेव्हा स्क्रिप्ट एखाद्या खवचट माणसाला वाचायला द्या, त्याच्या शंका लिहून घ्या आणि त्यातल्या बोचऱ्या दोन तुमच्या इन्स्पेक्टरच्या तोंडी घाला. त्यांची उत्तरं मात्र आधी तुमच्याकडे हवीत.

नाहीतर ‘द बिग स्लीप’ होतो. त्यातल्या ड्रायव्हरला कोणी मारलं, असं सिनेमावाल्यांनी मूळ कादंबरीकार रेमंड चॅन्डलरला तार करून विचारलं, तर त्यालाही ते ठाऊक नव्हतं. ‘डबल इन्डेम्निटी’च्या पटकथेत वाइल्डरसोबत होता तो हाच चॅन्डलर. बोगार्ट आणि बकॉलसारखे स्टार पडद्यावर असले की असलं खपतं. तुमच्याकडे ते दोघे नाहीत.

शेवटचं, फ्रेमच्या कोपऱ्यातलं. हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये कॅफेटेरियात गोळी झाडली जाते, पण मागच्या टेबलावरचा पोरगा त्याआधीच कानात बोटं घालून बसलाय. रिहर्सलला दणका ऐकला असणार बिचाऱ्यानं. म्हणून रिहर्सलला फटाका, टाळी, काहीही वाजवू नका. आणि टेक ओके करण्याआधी एकदा हिरोला सोडून फक्त मागची माणसं बघा.