कॅरेक्टर मरू द्या, पण या चुका टाळा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या कथाखेळात राक्षसानं वार केला, पडद्यामागे फासा 19 दाखवतो, म्हणजे वार लागलेला असतो, आणि डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, "हुकला." एकदा केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या-चौथ्या सेशनपर्यंत मात्र अख्ख्या टेबलाला कळून चुकतं की इथं कुणी मरत नाही, आणि मग केवढाही ड्रॅगन आणा, खेळाडू मोबाइल बघत बसतात. दुसरा डीएम पहिल्याच रात्री दोघांची कॅरेक्टर (खेळातली पात्रं) मारतो आणि पुढच्या शनिवारी फोंड्याच्या फ्लॅटवर चार खेळाडूंतले दोघंच येतात. खालचे आकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे 2014 च्या नियमांतले आहेत.

धोका दाखवलाच नाही

सगळ्यात जास्त भांडणं इथून सुरू होतात.

समजा, तुमची गोष्ट कुंभारजुव्याच्या कालव्यावर घडते. तिथं मगरी खरोखरच आहेत, त्यामुळे गोव्यातल्या खेळाडूंना फार समजवावं लागत नाही. तुम्ही त्यात महाकाय मगर सोडता. तिच्या चाव्याचं डॅमेज (इजा) 3डी10+5, म्हणजे दहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज अधिक 5, सरासरी 21. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे (जादूगाराचे) एचपी, म्हणजे प्राणबळ, जेमतेम 7. एचपी शून्यावर आल्यावर उरलेलं डॅमेज कमाल एचपीइतकं किंवा त्याहून जास्त असेल, तर डेथ सेव्हची (जगणं-मरणं ठरवणाऱ्या फाशाची) वेळच येत नाही, कॅरेक्टर जागच्या जागी मरतं. म्हणजे या विझर्डला 14 पुरे, आणि चावा लागला की शंभरात 94 वेळा 14 किंवा जास्त होतात. 12 एचपीच्या फायटरला (लढवय्याला) 24 लागतात, ते शंभरात 35 वेळा. तोच विझर्ड तिसऱ्या लेव्हलला 17 एचपीवर पोचला की साध्या चाव्यानं असं मरण हजारात 4 वेळाच येतं. क्रिटिकल (जबर वार) लागला तर फासे दुप्पट होतात, तो हिशेब वेगळा. पहिल्या लेव्हलला राक्षस निवडताना त्याचं डॅमेज पार्टीतल्या (खेळाडूंच्या गटातल्या) सगळ्यात कमी एचपीच्या दुपटीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

मगर ठेवायचीच असेल तर जरूर ठेवा, पण आधी तीन खुणा दाखवा. काठाच्या चिखलात पोट घासत गेल्याचा रुंद, ओला पट्टा. पाण्यापाशी येऊन अडून बसलेली म्हैस. आणि बांधावर शिंपल्यांचे डोळे लावलेली चिखलाची मगर, पुढ्यात ताजी फुलं. दुर्भाटला पौष अमावास्येला माणगे थापणीत अशीच चिखलाची मगर करून पुजतात, तेव्हा ही खूण टेबलावर लगेच ओळखली जाईल. यातली एकही खूण पर्सेप्शनच्या (निरीक्षणाच्या) फाशामागे लपवू नका. फासा कमी पडला की इशारा गेला, आणि खेळाडूला वाटतं आपल्याला फसवलं. कुणी तरीही पाण्यात उतरायला निघालं, तर सरळ विचारा: "मगर इथंच आहे हे तुझ्या कॅरेक्टरला माहीत आहे. तरी उतरतोयस?" "हो" आलं की मग फासा टाका आणि जे पडेल ते मान्य करा.

शून्य एचपीनंतरचे नियम अर्धवट माहीत असणं

डेथ सेव्हला साधा डी20 (वीस बाजूंचा फासा), त्यात कुठलाही मॉडिफायर (अधिक-उणे) नाही. 10 किंवा वर म्हणजे यश. तीन यशांनी कॅरेक्टर स्थिर होतं, तीन अपयशांनी मरतं. ती सलग असावी लागत नाहीत. 1 पडला तर दोन अपयशं, 20 पडला तर 1 एचपी घेऊन शुद्धीवर. मदत नाही मिळाली आणि नवा मार बसला नाही, तर वाचण्याची शक्यता सुमारे 60 टक्के.

खरी गफलत पडलेल्यावरच्या वाराची होते. शून्यावर असताना डॅमेज झालं की एक अपयश. पण बेशुद्ध माणसाला 5 फुटांच्या आतून मारलेला वार लागला तर तो क्रिटिकल धरतात, म्हणजे दोन अपयशं. मगरीचा एक चावा आणि एक हुकलेला सेव्ह, संपलं. म्हणून कुठला शत्रू पडलेल्यावर वार करेल हे लढाई सुरू होण्याआधीच वहीत लिहा. दरोडेखोर सहसा उभ्या माणसाकडे वळतो. भुकेली मगर शिकार ओढून नेते. ऐनवेळी ठरवलंत की ते खेळाडूला आकसाचं वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

उलट बाजूनं, हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र 60 फुटांवरून बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा कृतीत) देता येतो, त्यामुळे कॅरेक्टर पडतं-उठतं, पडतं-उठतं आणि भीती उरत नाही. काही टेबलं यावर घरचा नियम लावतात: शून्यावर गेलात की एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी. सहाव्या पातळीला मृत्यू असतो, तेव्हा हा नियम कडक आहे. लावायचा तर पहिल्या दिवशी सांगून लावा.

आधी विचारलंच नाही

सेशन झीरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीला, दहा मिनिटं द्या. मृत्यू चालेल का, फक्त मोठ्या लढाईत की कुठंही, आणि कुठली वर्णनं नकोत? उत्तरं एका कार्डावर लिहून स्क्रीनला (डीएमच्या पडद्याला) अडकवा.

लपवलेला फासा

डेथ सेव्ह टेबलाच्या मधोमध, सगळ्यांसमोर, खेळाडूच्या हातूनच पडू द्या. दशावतारात संकासुर मरणार हे पेडण्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, तरी लोक जागून बघतात, कारण तो कसा मरतो ते बघायचं असतं. आपल्या टेबलावर तर शेवटही कुणाला ठाऊक नसतो. तिसरं अपयश पडलं की लगेच पुढच्याची पाळी पुकारू नका. शेवटचं वाक्य किंवा शेवटची हालचाल त्या खेळाडूला सांगू द्या.

हिऱ्यांचा हिशेब

मेलेल्याला जिवंत करणारे दोन मंत्र बघा. रिव्हिव्हिफाय मरणानंतर एका मिनिटात, म्हणजे लढाईच्या दहा राउंडांत करावं लागतं आणि त्यात 300 सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्ची पडतो. रेझ डेडला दहा दिवसांची मुदत आणि 500 चा हिरा. तुमच्या जगातल्या म्हापशाच्या बाजारात असे हिरे मिळतात का, महिन्याला किती, हे आधी ठरवा. वाटेल तेव्हा मिळाले तर मरण म्हणजे नुसतं बिल होतं.

मेलेल्याचा खेळाडू रिकामा बसतो

दिवाडी बेटावरून फेरीबोटीनं आलेला खेळाडू आठला मेला आणि दहापर्यंत भिंतीकडे बघत बसला, तर पुढच्या वेळी तो फेरीत चढणारच नाही. दोन तयार कॅरेक्टर शीट जवळ ठेवा, पार्टीच्याच लेव्हलच्या. वाटाड्या, सुटलेला कैदी, शत्रूच्या होडीवरचा वल्हेकरी, कुणीही चालेल. पंधरा मिनिटांत तो खेळात हवा. तेवढ्या वेळात राक्षसांचे फासे त्याच्या हातात द्या.

एक गोष्ट हमखास राहून जाते. मेलेल्याची जादूची तलवार पार्टी ठेवून घेते आणि नवं कॅरेक्टर स्वतःचं सामान घेऊन येतं. तीन मरणांत पार्टीची ताकद तुमच्या हिशेबाबाहेर जाते. नव्या कॅरेक्टरला सुरुवातीचं साधं सामानच द्या, आणि जुन्याच्या वस्तूंतून काय हवं ते त्यालाच आधी उचलू द्या.