हवेतल्या कणांचा अभ्यास करताय? ऋतू विसरल्याने होणाऱ्या या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही मराठवाड्यातली तीन शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेत. हा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. तेव्हापासून आपल्याकडे हवा मोजणारे वाढले. कॉलेजांत एम.एस्सी.चे प्रकल्प होतात, काहींच्या गच्चीवर छोटे सेन्सर आहेत, महापालिकेकडे रस्ते झाडणारी यंत्रं आणि पाणी फवारणाऱ्या गाड्या आल्या. याचा आनंदच आहे. पण मोजताना, अर्थ लावताना आणि उपाय करताना आपण वारंवार एकाच ठिकाणी अडखळतो: वर्षभर हवेत तेच कण असतात असं आपण गृहीत धरतो. मे महिन्यातला कण आणि डिसेंबरमधला कण रसायनाच्या दृष्टीने वेगळे असतात.

सारखा आकडा म्हणजे सारखी हवा नव्हे

समजा मे आणि डिसेंबरमधल्या एकेका दिवशी पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), घनमीटर हवेत दीडशे मायक्रोग्रॅम भरलं. आपल्याकडचं २४ तासांचं मानक १०० आहे, म्हणजे दोन्ही दिवस वाईट. मेमध्ये नांगरून पडलेली रानं, मुरमाचे उघडे ढीग, बांधकामं आणि वावटळी यांतून आलेली माती जास्त असते. तिच्यात सिलिकॉन, अॅल्युमिनियम, कॅल्शियम आणि लोह असतं. हे कण बहुतेक जाडसर असल्याने नाकात-घशात बरेच अडकतात. डिसेंबरमध्ये काजळी, धुरातले सेंद्रिय पदार्थ, अमोनियम नायट्रेट आणि सल्फेट यांचा वाटा वाढतो. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचणारे. तोंडाला बांधलेला रुमाल मेमधल्या फुफाट्यात थोडा तरी कामाला येतो, डिसेंबरच्या पहाटे जवळजवळ नाहीच. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अॅपवर हवेचा निर्देशांक पाहताना त्या दिवसाचा मुख्य प्रदूषक कोणता, हेही वाचा. नुसत्या लाल-पिवळ्या रंगावर थांबू नका.

फिल्टरवरून उडून जाणारं मीठ

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि सर्वांत कमी वेळा पकडली जाते, म्हणून सविस्तर सांगतो.

हे मीठ म्हणजे अमोनियम नायट्रेट. ते कुठल्याही धुराड्यातून तयार होऊन येत नाही. गाड्या, जनरेटर आणि बॉयलर यांतून निघालेले नायट्रोजन ऑक्साइड हवेत नायट्रिक आम्ल बनतात. युरिया टाकलेली शेतं, गोठे आणि गटारं यांतून अमोनिया येतो. थंडीत हे दोन वायू एकत्र येऊन घन कण तयार होतो आणि ऊन तापलं की तोच कण फुटून पुन्हा दोन वायू होतात. तापमान १० अंशांवरून ४० अंशांवर गेलं, तर हा कण टिकण्यासाठी हवेत लागणाऱ्या त्या दोन वायूंच्या प्रमाणांचा गुणाकार हजारपटीहून जास्त वाढतो. परभणीची जानेवारीतली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांत एवढा फरक सहज पडतो.

आता विद्यार्थी काय करतो? एप्रिलमध्ये सॅम्पलर, म्हणजे हवा ओढून कण फिल्टरवर जमवणारं यंत्र, लावून २४ तास नमुना घेतो. दुपारी सॅम्पलरची पेटी उन्हात तापते, रात्री बसलेलं नायट्रेट फिल्टरवरूनच उडतं. उरलंसुरलं, फिल्टर गाडीच्या डिकीतून प्रयोगशाळेत नेताना जातं. मग प्रबंधात ‘उन्हाळ्यात नायट्रेट नगण्य’ असं छापून येतं. नायट्रेट उन्हाळ्यात खरंच कमी असतं, पण निसर्गाने किती कमी केलं आणि आपल्या हलगर्जीने किती गेलं, हे त्या आकड्यातून कधीच कळत नाही. सॅम्पलरला सावली द्या, उन्हाळ्यात दिवसाचा आणि रात्रीचा फिल्टर वेगळा ठेवा, काढल्यावर लगेच बर्फाच्या डब्यात टाका. कोरा फिल्टरही त्याच प्रवासाला सोबत न्या, नाहीतर वाटेत काय मिसळलं ते समजणार नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्या. एप्रिलच्या पीएम १० मध्ये नायट्रेट चांगलं सापडलं आणि त्याच्या जोडीला अमोनियम पुरेसं नाही, तर लगेच ‘यंत्र बिघडलं’ म्हणू नका. आधी कॅल्शियम पाहा. आपल्या मातीत चुनखडी भरपूर आहे. नायट्रिक आम्ल तिच्यावर बसून कॅल्शियम नायट्रेट होतं आणि ते उन्हाने उडत नाही.

आणखी एक. डिसेंबरचा फिल्टर काळा आणि मेचा तपकिरी दिसतो, म्हणून रंगावरून हिशेब मांडू नका. अमोनियमचे क्षार पांढरे असतात. काजळीच्या थराखाली ते डोळ्यांना दिसतच नाहीत, वजनात मात्र मोठा वाटा घेऊन बसलेले असतात.

आपली माती सरासरीत बसत नाही

कणातलं लोह मातीचं की कारखान्याचं, हे ठरवायला लोह आणि अॅल्युमिनियम यांचं गुणोत्तर काढतात आणि पृथ्वीच्या कवचाच्या सरासरीशी ताडून पाहतात. पाठ्यपुस्तकातली ही सरासरी मराठवाड्यात सरळ वापरली, तर फसगत ठरलेली. वरच्या कवचात लोह साधारण ३.५ ते ४ टक्के आणि अॅल्युमिनियम ८ टक्के धरतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मात्र लोह ९ ते १० टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे अॅल्युमिनियमपेक्षाही जास्त. टायटॅनियमही सरासरीच्या कितीतरी वर. त्यामुळे बीडच्या शिवारातली निर्मळ काळी माती कागदावर एखाद्या भट्टीसारखी दिसते! आणि जालन्यात, जिथे भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या भट्ट्या खरोखर आहेत, तिथे त्यांचं लोह किती आणि मातीचं किती हा गोंधळ जास्तच वाढतो.

उपाय कष्टाचा पण साधा आहे. आसपासच्या शेतातली, रस्त्याच्या कडेची आणि मुरमाच्या खाणीतली माती आणा, चाळा, त्याच प्रयोगशाळेत तपासा आणि तेच गुणोत्तर वापरा. नांदेडकरांनी तर दोन जागची माती घ्यावी, कारण जिल्ह्याच्या आग्नेय भागात, देगलूरकडे, बेसाल्ट संपून ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागतात. भट्टीचा माग काढायचा तर लोहापेक्षा जस्त आणि शिसं यांच्यावर भरवसा ठेवा. जस्ताचा मुलामा दिलेलं भंगार वितळलं की ते धुरात येतंच.

‘थंडीत वाढलं’ म्हणजे ‘थंडीत जास्त सोडलं’ असं नाही

हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थराचं झाकण बसतं आणि धूर शंभर-दोनशे मीटरच्या आत कोंडतो. मेच्या दुपारी तोच धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरतो. त्यामुळे कारखान्याने वर्षभर सारखंच जस्त सोडलं तरी जानेवारीत ते कितीतरी जास्त भरेल. आकड्यांबरोबर प्रत्येक घटकाचा एकूण वजनातला वाटाही काढा. सगळेच घटक सारख्या पटीत वाढले असतील, तर तो कोंडलेल्या हवेचा परिणाम. एखादाच जास्त उसळला, तर तिथे रसायन किंवा नवा स्रोत शोधा.

असा एक नेहमीचा चकवा पोटॅशियमचा. ते जास्त दिसलं की ‘पाचट जाळलं’ असं लिहून लोक मोकळे होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम असतो, पाचट जळतं, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, बॉयलर चालतात, पऱ्हाट्या-तुराट्या चुलीत जातात, शेकोट्या पेटतात, हे सगळं खरं. पण दिवाळीच्या फटाक्यांच्या दारूतही पोटॅशियम नायट्रेटच असतं आणि मातीतही पोटॅशियम आहे. बेरियम आणि स्ट्रॉन्शियम सोबत उसळले असतील तर फटाके समजा. लाकूड-काडी जळाल्याची खूण म्हणजे लेव्होग्लुकोसान, ते मोजता आलं तर उत्तम. दिवाळीचा आठवडा वेगळाच ठेवा, वर्षाच्या सरासरीत तो मिसळून टाकू नका.

गच्चीवरच्या सेन्सरबद्दल थोडं. हे स्वस्त सेन्सर कण तोलत नाहीत, कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. अमोनियम नायट्रेट साधारण ६२ टक्के आर्द्रतेला आणि अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांना पाणी ओढून विरघळतं. कण फुगतो, प्रकाश जास्त विखुरतो आणि आकडा चढतो. धुई पडलेल्या पहाटेचे आकडे म्हणून जपून वाचा. मेमध्ये याच्या उलट, जाड मातीचे कण हे सेन्सर नीट पकडतच नाहीत आणि हवा खोटीच बरी दिसते. सरकारी केंद्राशी ताळमेळ घालून दुरुस्तीचा गुणक काढत असाल, तर हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा वेगवेगळा काढा.

पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवण्याची पद्धतही सोडा. पाऊस जाड कण चांगले धुतो, पण एक मायक्रॉनच्या आतले बरेचसे थेंबांना चुकवून राहतात. ढगांच्या पाण्यात सल्फर डायऑक्साइडचं सल्फेट होत असतं आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर अरबी समुद्राचं सोडियम-क्लोरीन आपल्यापर्यंत येतं. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की चित्र पुन्हा बदलतं. आपल्याकडे असे खंड नवे नाहीत, त्या दिवसांचे नमुने तर घ्यायलाच पाहिजेत.

उपायाची वेळ चुकवू नका

डिसेंबरात रस्त्यावर पाणी मारून अमोनियम नायट्रेट कमी होत नाही, ते हवेतच तयार होतं. त्या दिवसांत कचरा जाळणं बंद करणं, जनरेटर, जुने ट्रक आणि बॉयलर यांच्यावर लक्ष ठेवणं, शेकोटीत टायर आणि प्लॅस्टिक जाऊ न देणं हेच उपयोगाचं. लोकांनीही थंडीतलं फिरणं पहाटे पाचऐवजी ऊन वर आल्यावर ठेवावं, विशेषतः दमेकरी आणि म्हाताऱ्या माणसांनी. झाडणारी यंत्रं, मुरमाच्या गाड्यांवर ताडपत्री आणि कच्च्या साइडपट्ट्या पक्क्या करणं याचा खरा फायदा होळीनंतर मृगापर्यंत मिळतो. आणि मराठवाड्यात नेमकी तेव्हाच पाण्याची टंचाई असते, त्यामुळे टँकरने फवारणी करण्याऐवजी झाडण्यावर आणि झाकण्यावरच पैसा घाला. फवारायचंच असेल तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी वापरा.