प्लेटलेट द्यायला जाताय? रक्तपेढीतले तीन-चार तास कसे जातात

पावसाळा सरत आला की, साधारण गणपतीपासून दिवाळीपर्यंत, सोसायटीच्या नाहीतर ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘बी पॉझिटिव्ह एसडीपी डोनर हवा, अर्जंट.’ शिबिरात दहा मिनिटांत पिशवी भरून, चहा-बिस्कीट घेऊन परतलेल्यांना वाटतं, हेही तसंच असणार. पण एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, आणि त्याचा सगळा रिवाज निराळा. घाबरतात सगळे सुईला. प्रत्यक्षात माणसं परत पाठवली जातात ती भलत्याच कारणांनी: बारीक शीर, रात्रपाळीची अपुरी झोप, दोन दिवसांपूर्वी घेतलेली गोळी, सकाळी हाणलेली मिसळ. यातलं बरंचसं घरून निघण्याआधीच सांभाळता येतं.

आधी एक शंका दूर करू. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांकडून ‘प्लाझ्मा सेंटर’बद्दल बरेच जण ऐकतात. तिथे आठवड्यातून दोनदा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पिवळसर द्रव, देता येतो आणि त्याचे पैसेही मिळतात. आपल्याकडे ते नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. इथला प्लाझ्मा मुख्यतः शिबिरात दिलेल्या रक्तातूनच वेगळा काढतात आणि उणे ३० अंशांच्या खाली गोठवून वर्षभर ठेवतात. करोनात, २०२० मध्ये, बऱ्या झालेल्या लोकांना मशीनवर बसवून प्लाझ्मा घेतला गेला. पण त्याचा रुग्णांना फायदा दिसला नाही आणि मे २०२१ मध्ये तो उपचारांच्या यादीतून काढून टाकण्यात आला. त्याच मशीनवर आज तुम्हाला बोलावलं जातं ते बहुतेक वेळा प्लेटलेटसाठी, कारण प्लेटलेट साठवून ठेवता येत नाहीत. २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ट्रेवर ठेवूनही त्या जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणजे आज कुणाला लागल्या, तर गेल्या पाच दिवसांत कुणीतरी येऊन दिलेल्या असायला हव्यात.

मेसेज खरा आहे का ते बघा

गाडी काढण्याआधी दिलेल्या नंबरवर फोन करा. रुग्णालय कोणतं, प्लेटलेट कोणत्या रक्तपेढीत द्यायच्या आहेत, डॉक्टरांचं मागणीपत्र तिथे पोचलं आहे का, एवढं विचारा. मेसेज मरत नाहीत. रुग्ण बरा होऊन घरी गेला तरी त्याच्या नावाची ‘अर्जंट’ हाक आठवडाभर फिरत राहते. डेंग्यूत काउंट, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेटची संख्या, चाळीस-पन्नास हजारांवर आला की नातेवाईकांचा धीर सुटतो आणि डॉक्टरांनी काही सांगण्याआधीच ग्रुपवर मेसेज पडतो. रक्तस्राव होत नसेल, तर काउंट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत डॉक्टर सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. म्हणून मागणीपत्राचा प्रश्न विचारताना संकोच करू नका.

माझं मत विचाराल, तर मेसेजची वाट बघण्यापेक्षा जवळच्या रक्तपेढीत आधीच नाव नोंदवून ठेवावं. मात्र हे मशीन प्रत्येक रक्तपेढीत नसतं, फोनवरच विचारून घ्या. ‘ई-रक्तकोष’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्ह्यानुसार रक्तपेढ्या सापडतात. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांना प्लेटलेट बारा महिने लागतात. तिथे डेंग्यूचा हंगाम वगैरे काही नसतो.

तुम्ही बसता का नियमात?

वय १८ ते ६०, वजन ५० किलोंच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि तुमचा स्वतःचा प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर. त्या आठवड्यात सर्दी-ताप नको. मलेरिया होऊन गेला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने, डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाला असेल तर सहा महिने, टायफॉइड असेल तर वर्षभर थांबावं लागतं. टॅटू काढलाय? त्यालाही एक वर्ष. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील आणि साखर आटोक्यात असेल तर चालतं, इन्सुलिनवर असाल तर नाही. बाळंतपण झालेल्या स्त्रियांच्या रक्तात कधी कधी अशी प्रतिद्रव्यं असतात, की ती रुग्णाच्या फुप्फुसांना बाधू शकतात. म्हणून काही रक्तपेढ्या त्यांच्याकडून शिबिरातलं रक्त घेतात, पण मशीनवर घेत नाहीत.

अडचण होते ती ॲस्पिरिनची. या गोळीने प्लेटलेटची चिकटण्याची ताकद जाते. काउंट छान दिसतो, पण त्या प्लेटलेट रुग्णाच्या शरीरात काम करत नाहीत. त्यामुळे मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर जाऊ नका. डोकेदुखी-अंगदुखीच्या काही साध्या गोळ्यांतही ती असते, तेव्हा पाकीट उलटून बघा. डॉक्टरांनी हृदयासाठी लिहून दिलेली ॲस्पिरिन मात्र दानासाठी म्हणून अजिबात बंद करायची नाही.

आदला दिवस आणि सकाळची न्याहारी

आदल्या रात्री नीट झोप, दारू नाही, आणि पाणी भरपूर. पाणी प्यायलेल्या माणसाची शीर फुगलेली असते, टेक्निशियनला ती लगेच सापडते. रात्रपाळी करून थेट रक्तपेढीत येणारे आयटीवाले आणि लांबच्या पल्ल्याचे ड्रायव्हर परत पाठवले जातात. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

उपाशी जाऊ नका. हे सांगायचं कारण असं, की मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हाच आपल्याकडे उपासांची रांग लागलेली असते: हरतालिका, चतुर्थी, नवरात्र. नवरात्राचे नऊ दिवस धरलेला माणूस मोठ्या मनाने येतो आणि रिकाम्या पोटी खुर्चीत डोळे फिरवतो. उपास असेल तर रक्तपेढीला वेगळी तारीख मागा.

खाऊन जायचं, पण काय खाऊन? पोहे, उपमा, इडली, भाकरी-भाजी, केळं, काहीही चालेल. तर्रीची मिसळ, वडापाव, साबुदाणा वडा, लोण्याचा डोसा हे मात्र परतताना खा. तेलकट खाल्ल्यावर काही तास रक्तात चरबी तरंगत असते. अशा वेळी मशीनमधून निघणारा प्लाझ्मा पिवळसर पारदर्शक असायच्या ऐवजी दुधट, गढूळ येतो. मशीनचे सेन्सर थरांमधला फरक प्रकाशावर ओळखतात, ते गोंधळतात, आणि पिशवी वाया जाण्याची वेळ येते.

बाह्या कोपराच्या वर सहज सरकतील असा शर्ट घाला. आधार कार्ड जवळ ठेवा.

फॉर्म, नमुना आणि वाट बघणं

लोक चिडतात ते इथे. फॉर्म भरला, डॉक्टरांनी बीपी-वजन बघितलं, खासगीत चार प्रश्न विचारले, हाताची शीर दाबून पाहिली, नमुन्याला रक्त घेतलं... आणि मग ‘बसा, रिपोर्ट येऊ दे.’ हे बसणं तास-दोन तासांचंही असू शकतं. शिबिरात पिशवी आधी भरतात आणि तपासण्या मागाहून होतात. इथे उलटं आहे. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया आणि काउंट, हे सगळं आधी. कारण मशीनवर चढवायचं सीलबंद किट महागडं असतं, एकदाच वापरायचं असतं, आणि प्लेटलेटचं पाच दिवसांचं आयुष्य तपासण्यांत घालवणं परवडत नाही. किटचा आणि तपासण्यांचा खर्च रुग्णाच्या बिलात जातो. तुमच्याकडून कुणी पैसे मागत नाही आणि तुम्हाला कुणी देतही नाही.

प्रश्नांची उत्तरं खरी द्या. लैंगिक संबंधांबद्दल, जुन्या काविळीबद्दल, औषधांबद्दल विचारतात. सोबत आलेल्या मेव्हण्यासमोर बोलायचं नसेल तर त्याला बाहेर बसायला सांगा. डॉक्टरांना त्याचं काही वाटत नाही.

काउंट १ लाख ४० हजार आला म्हणून नाकारलं, तर तो आजार आहे असं समजू नका. तुमच्यासाठी तो पुरेसा असू शकतो, फक्त दुसऱ्याला द्यायला शिल्लक कमी आहे. शीर बारीक म्हणून नाकारलं, तर शिबिरात साधं रक्त देता येतं का ते विचारा.

खुर्चीत बसल्यावर

बसण्याआधी लघवीला जाऊन या. गंमत म्हणून सांगत नाही. सुई लागल्यावर तास-सव्वा तास उठता येत नाही. एसी जोरात असतो, पांघरूण मागून घ्या. इयरफोन आधीच लावा. काही मशीनवर दोन्ही हातांना सुई लागते, मग नाक खाजलं तरी दुसऱ्यालाच सांगावं लागतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी एकाच हाताचं मशीन असतं.

नवं किट तुमच्यासमोर फोडतात. सुई लागताना टोचतं, मुंगी कडकडून चावल्यासारखं. दंडावरचा पट्टा आवळतो, टेक्निशियन म्हणतो, ‘दादा, मूठ उघड-बंद करत रहा.’ रक्त नळीतून मशीनच्या आत जातं आणि तिथे एक भांडं गरागरा फिरत असतं. जड तांबड्या पेशी कडेला, हलका प्लाझ्मा आतल्या बाजूला, मध्ये प्लेटलेटचा पातळ थर. तो थर थोड्या प्लाझ्मासकट पिशवीत ओढला जातो आणि उरलेलं रक्त त्याच सुईतून तुमच्या हातात परत. ‘आता मूठ सोडा, आराम.’ पट्टा सैल होतो, हात जरा गार पडतो. काही मिनिटांनी पुन्हा मूठ. असे फेरे चालू राहतात.

रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळलेलं असतं. ते परत येताना तुमच्या अंगातलं कॅल्शियम तात्पुरतं बांधून ठेवतं, त्यामुळे ओठांना, जिभेच्या टोकाला, बोटांना मुंग्या येतात. पहिल्यांदा गेलेला माणूस इथे दचकतो किंवा, त्याहून वाईट, मर्दानगी दाखवत गप्प बसतो. गप्प बसू नका. मुंग्या आल्या की लगेच सांगा. ते मशीनचा वेग कमी करतात, चघळायला कॅल्शियमची गोळी देतात आणि दोन-चार मिनिटांत बरं वाटतं. सांगितलं नाही तर पुढे गोळे येऊ शकतात. सुईच्या जागी ठणका लागला किंवा फुगवटा आला, चक्कर आली, घाम फुटला, तरी तेच: लगेच बोला.

पिशवी भरली की ती बघायला मागा, सहसा दाखवतात. रंग फिका पिवळा असतो. ट्यूबलाइटसमोर धरून हळूच हलवली की आतमध्ये उदबत्तीच्या धुरासारखी वलयं फिरताना दिसतात. ती दिसली म्हणजे प्लेटलेट जिवंत आणि चांगल्या आहेत. टेक्निशियनही नेमकं तेच बघत असतो. साध्या रक्तातून काढलेल्या सहाएक पिशव्यांइतक्या प्लेटलेट या एका पिशवीत असतात. मोठ्या माणसाचा काउंट त्याने ३० ते ५० हजारांनी वाढू शकतो.

उठल्यावर

सुई काढल्यावर कापूस दाबून धरा, कोपर दुमडू नका. कोपर दुमडल्याने रक्त आतल्या आत पसरतं आणि दुसऱ्या दिवशी हात काळानिळा दिसतो. तसं झालंच तर पहिल्या दिवशी बर्फ, पुढे शेक. पंधरा-वीस मिनिटं बसा, दिलेला ज्यूस प्या, मग हळूच उठा. दुचाकीवर आला असाल तर अर्धा तास थांबूनच किक मारा. त्या दिवशी जिम नाही, त्या हाताने पाण्याची बादली किंवा गॅसचं सिलिंडर उचलायचं नाही. तांबड्या पेशी बहुतेक सगळ्या परत मिळालेल्या असतात, त्यामुळे साध्या रक्तदानानंतर जाणवतो तसा थकवा सहसा जाणवत नाही. प्लेटलेट काही दिवसांत भरून निघतात.

पुढच्या खेपेचा हिशेब असा: दोन प्लेटलेटदानांत किमान ४८ तासांचं अंतर, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा, वर्षात २४ वेळा. शिबिरात रक्त दिलं असेल तर त्यानंतर २८ दिवस मशीनवर बसता येत नाही. आणि मशीन मध्येच बंद पडून तुमचं रक्त परत देता आलं नाही, तर ते पूर्ण रक्तदानासारखं धरून तीन महिने थांबवतात. असं झालं तर कार्डावर तशी नोंद करून घ्या, पुढच्या वेळी दुसऱ्या रक्तपेढीत गेलात तर तिथल्या डॉक्टरांना ती लागेल. निघताना नंबर देताय तर फोन कधी केलेला चालेल तेही सांगून ठेवा, कारण काही फोन रात्री अकरानंतर येतात.