अंडं अडकलंय आणि ऑपरेशनचा खर्च झेपत नाही?

बजी किंवा कॉकटिएल या छोट्या पाळीव पोपटांची मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी कुंथत बसली असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका. ऊब द्या, लगेच डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं काढायला मात्र जाऊ नका, आत फुटलं तर जिवावर बेततं. पैशांची अडचण डॉक्टरांना आधीच सांगा, यात लाज कसली! बऱ्याचदा ऊब, सलाइन आणि कॅल्शियमच्या इंजेक्शननेच अंडं बाहेर येतं, म्हणून खर्चाचा अंदाज टप्प्याटप्प्याने लिहून मागा. हप्त्यांचंही विचारा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. पक्ष्यांचे डॉक्टर कधी असतात, ते फोनवर विचारूनच निघा.