आंदोलनाला पाठिंबा नेमका किती? जनमत चाचणीचे आकडे कसे वाचावेत

ऑक्टोबर २०११ मध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ (म्हणजे ‘वॉल स्ट्रीट ताब्यात घ्या’; वॉल स्ट्रीट ही न्यूयॉर्कमधील बँका व शेअर बाजाराची पेठ) या आंदोलनाविषयी अमेरिकी जनतेला काय वाटते, हे जाणून घेण्याचा प्रयत्न अनेक संस्थांनी केला. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या चाचणीत ५४ टक्के लोकांचे मत अनुकूल निघाले. सीबीएस ही दूरचित्रवाणी संस्था आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ यांच्या संयुक्त चाचणीत ४३ टक्के लोकांनी आंदोलकांच्या विचारांशी सहमती दाखवली, प्यू संशोधन केंद्राला ३९ टक्के पाठीराखे सापडले आणि गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या चाचणीत स्वतःला समर्थक म्हणवणारे अवघे २६ टक्के भरले. देश एक, महिना एक आणि आंदोलनही एकच, तरी सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दुपटीहून अधिक आहे. यांपैकी एकही आकडा खोटा नव्हता. आर्थिक विषमतेविरुद्धच्या आंदोलनांबद्दलच्या चाचण्या वाचताना, आणि त्यांवर मराठीत काही लिहिताना तर विशेषच, हे चार आकडे शेजारी मांडून बसावे. वाचनाची बरीचशी रीत त्यांतूनच शिकता येते.

आंदोलनाची हकिकत थोडक्यात अशी. २००८च्या आर्थिक कोसळणीनंतर सरकारने बँकांना वाचवले, पण घरे आणि नोकऱ्या गमावलेल्यांना तसा हात मिळाला नाही, या रागातून १७ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये लोकांनी मुक्काम ठोकला. ‘आम्ही ९९ टक्के’, म्हणजे सर्वांत श्रीमंत एक टक्का सोडून बाकीचे सारे, ही त्यांची घोषणा होती. १ ऑक्टोबरला ब्रुकलिन पुलावर सातशेहून अधिक जणांना अटक झाली आणि १५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पोलिसांनी तो तळ उठवला.

पहिले काम म्हणजे आकडा बाजूला ठेवून मूळ प्रश्न शोधणे. चाचणी घेणाऱ्या चांगल्या संस्था संपूर्ण प्रश्नावली जाहीर करतात. तीतला प्रश्न शब्दशः वाचावा आणि ज्या शब्दांनी उत्तर देणाऱ्याला नवी माहिती मिळते, त्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. ‘टाइम’च्या प्रश्नावर हा प्रयोग केला, तर कागद रेघांनी भरून जातो. श्रीमंतांना झुकते माप देणारी धोरणे, सरकारने बँकांना केलेली मदत आणि राजकारणातील पैशाचा प्रभाव यांविरुद्ध काही लोक निदर्शने करीत आहेत, असे आधी सांगून मग त्या निदर्शनांबद्दलचे मत विचारले होते. ज्याने आंदोलनाचे नावही ऐकले नव्हते, त्यालाही एका दमात तीन तक्रारी ऐकवल्या गेल्या, आणि त्या तक्रारी नाकारणे त्या वर्षी फार थोड्यांना जमले असते. त्याच चाचणीत ‘टी पार्टी’ या उजव्या चळवळीबद्दल विचारताना मात्र असे कोणतेही वर्णन दिलेले नव्हते आणि तिला २७ टक्के अनुकूल मते मिळाली. ५४ विरुद्ध २७ ही तुलना तेव्हा पुष्कळ गाजली. एका उमेदवाराची ओळख करून द्यायची आणि दुसऱ्याचे नुसते नाव वाचायचे, असाच हा प्रकार होता.

दुसरी खबरदारी क्रियापदाची. ‘मत अनुकूल आहे’, ‘विचारांशी सहमत आहे’, ‘पाठिंबा देतो’ आणि ‘मी समर्थक आहे’ ही चार वाक्ये चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या पायरीपर्यंत चढणारे लोक साहजिकच कमी असतात. मराठी बातमीत मात्र या चारही पायऱ्यांसाठी ‘पाठिंबा’ हा एकच शब्द येतो, कारण तो मथळ्यात बसतो. हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. भाषांतराच्या टेबलावर असताना ‘निम्म्याहून अधिक अमेरिकनांचा आंदोलनाला पाठिंबा’ असा मथळा मी स्वतःच दिला होता. ज्या आकड्यावर तो उभा होता, तो अनुकूल मताचा होता, पाठिंब्याचा नव्हे. त्या दिवशी चूक कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि मला ती आजही अधिक बोचते ती त्यामुळेच.

यानंतर तक्ता खालून वर वाचावा. तळाशी ‘सांगता येत नाही’ किंवा ‘दोन्ही नाही’ अशी एक ओळ असते आणि बातमीत ती सर्वांत आधी कापली जाते. गॅलपच्या ऑक्टोबरच्या चाचणीत समर्थक २६ टक्के आणि विरोधक १९ टक्के होते, पण ५२ टक्के लोकांनी आपण दोन्हींपैकी कोणीच नाही असे सांगितले होते. आंदोलनाची उद्दिष्टे पटतात का, या प्रश्नावर तर मत देण्याइतकी माहिती आपल्याजवळ नाही, असे साठ टक्क्यांहून अधिक लोक म्हणाले. त्या चाचणीतली खरी बातमी हीच होती. शिवाय या उत्तराला अज्ञान म्हणून मोडीत काढू नये. झुकोटी पार्कमधील आंदोलकांनी मागण्यांची ठरावीक यादी देण्याचे जाणूनबुजून टाळले होते; तेव्हा उद्दिष्टे ठाऊक नाहीत म्हणणारा माणूस कदाचित नीट बातम्या वाचणाराच असेल.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो पुढच्या भागाला. आंदोलनाबद्दलच्या मतात तक्रार आणि रीत अशा निदान दोन गोष्टी असतात आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय एकंदर पाठिंब्याच्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही. प्यूने डिसेंबर २०११ मध्ये हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारले. आंदोलनाने मांडलेल्या चिंतांशी ४८ टक्के सहमत आणि ३० टक्के असहमत होते. निदर्शने ज्या पद्धतीने चालली होती, ती मात्र २९ टक्क्यांनाच पसंत आणि ४९ टक्क्यांना नापसंत होती. म्हणजे पारडे जवळजवळ उलटे झाले. गॅलपच्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या चाचण्यांतही तेच दिसते: समर्थकांचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले, पण आंदोलनाची पद्धत न आवडणारे २० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात बातम्यांत बँका मागे पडल्या होत्या आणि तंबू, स्वच्छता व पोलीस यांचीच चर्चा अधिक होती.

फ्रान्समध्ये हीच फारकत वेगळ्या रूपात दिसली. इंधनावरील करवाढीविरुद्ध १७ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘पिवळ्या जाकिटां’चे आंदोलन सुरू झाले. १ डिसेंबरला पॅरिसमध्ये मोठी जाळपोळ झाली, तरी त्यानंतर लगेच घेतलेल्या हॅरिस इंटरॅक्टिव्हच्या चाचणीत ७२ टक्के लोक आंदोलनाच्या बाजूने होते, आणि त्याच चाचणीत दहांपैकी आठांहून अधिक लोकांनी हिंसेला विरोध नोंदवला होता. हे दोन आकडे परस्परविरोधी आहेत असे समजणे, ही वाचणाऱ्याची चूक ठरते.

आपल्याकडचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आला आणि दहावीच्या परीक्षार्थींचा खोळंबा होऊ नये म्हणून सोमय्या मैदानातून रात्रीतच आझाद मैदानाकडे निघाला. फोड आलेल्या तळव्यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली, आणि मुंबईकर पाणी, खाणे, चपला घेऊन रस्त्यावर उतरले. येथे लोकांना आंदोलनाची रीत भावली होती. वनजमिनीचे पट्टे आदिवासींच्या नावावर व्हावेत, या मागणीबद्दल त्यांचे मत काय होते, हे मात्र त्या चपलांवरून सांगता येत नाही. असे दृश्य हे जनमताचे माप म्हणून वापरू नये, ते कितीही हेलावून टाकणारे असले तरी.

दोन चाचण्यांची तुलना करायची असेल, तर संस्था, प्रश्न आणि विचारलेले लोक हे तिन्ही तेच आहेत ना, हे पाहावे. नोव्हेंबर २०११ मध्ये पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेला आंदोलनाच्या उद्दिष्टांचे समर्थक ३३ टक्के आणि विरोधक ४५ टक्के आढळले. पण त्या संस्थेने मतदारांना विचारले होते, तर प्यूने सर्व प्रौढांना. त्यामुळे प्यूचा ऑक्टोबरमधील ३९ हा आकडा त्याशेजारी ठेवून ‘पाठिंबा सहा टक्क्यांनी घसरला’ असे लिहिणे चुकीचे ठरते. हजारभर लोकांच्या नमुन्यात सुमारे तीन टक्के इकडेतिकडे व्हायचेच. गॅलपमधील समर्थक महिन्याभरात २६ वरून २४ वर आले, त्याला घट म्हणू नये.

शेवटी, आंदोलनाबद्दलचे मत आणि आंदोलनाच्या विषयाबद्दलचे मत यांची गल्लत होऊ देऊ नये. तळ उठल्यानंतरच्या महिन्यातच, डिसेंबर २०११ मध्ये, प्यूने दोन हजारांहून अधिक प्रौढांना श्रीमंत आणि गरीब यांच्यातील संघर्षाबद्दल विचारले. तो तीव्र किंवा अतितीव्र आहे असे ६६ टक्के म्हणाले; २००९ मध्ये हे प्रमाण ४७ टक्के होते. तंबूंविषयी नाराजी वाढत असतानाच तंबूंच्या मागचा प्रश्न लोकांना अधिक टोचू लागला होता. हा फरक आंदोलनामुळेच पडला, असे मात्र या आकड्यांवरून म्हणता येत नाही, कारण त्या दोन वर्षांत बेकारी आणि घरांची जप्तीही चालूच होती. आंदोलनाचा त्यात वाटा असणे मला संभवनीय वाटते, पण तो माझा कयास आहे आणि बातमीत तो कयास म्हणूनच यावा.

तो जुना मथळा आज पुन्हा द्यायचा झाला, तर मी असा देईन: ‘वॉल स्ट्रीटवरील निदर्शनांबद्दल ५४ टक्क्यांचे मत अनुकूल; प्रश्नातच दिली होती आंदोलनाची ओळख’. दोन स्तंभांत तो बसत नाही. तीन स्तंभ मागून घ्यावेत.